उसाच्या देशाला, पोरांच्या संगतीनं

गव्हाला पहिलं पाणी झालं, उन्हाळ कांद्याची रोपं सरीत जायला आली, फडात कोयते वाजू लागले, की पुण्या-मुंबईच्या पोरांचे फोन सुरू होतात. पूर्वी विचारायची, हुरड्याला कधी येऊ? आता विचारतात, अण्णा, पासपोर्ट काढला का? नाताळात त्यांची ऑफिसं थंडावलेली, नातवंडांच्या शाळांना सुट्टी. आठ दिवस सगळे मिळून परदेश पाहून येऊ, खर्चाचं आम्ही बघतो, असा निरोप आमच्या पुणतांब्यातल्या घरांतून हल्ली येऊ लागला आहे. तुमच्याकडेही आला असेल, नाहीतर येईल.

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही जा, मला कुठली सुट्टी?" खोटं नाही ते. आमच्या गावानं सुट्टी घेतली ती एकदाच, १ जून २०१७ ला, संपाची. पण त्या दिवशीसुद्धा दूध घालणं बंद होतं, धारा काढणं बंद नव्हतं. गाय काही संपावर जात नाही.

तरी मी म्हणेन, जा. पोरं चाळिशीकडे झुकली, आपण साठीच्या पुढं. गुडघे अजून चालताहेत, नातवंडं अजून बोट धरताहेत, लेकाला कंपनीतून आणि लेकीला सासरहून एकाच वेळी सवड मिळते आहे, असं साल पुन्हा पुन्हा येत नाही. फक्त एक अट घाला. देश कोणता, हे एकट्या पोरांना ठरवू देऊ नका.

का ते सांगतो. पोरांच्या डोक्यात बर्फ असतो. स्वित्झर्लंडचे डोंगर, बर्फात उभं राहून काढलेला फोटो. देश सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण डिसेंबरात तिथं साडेचार-पावणेपाचला दिवस मावळतो, पायाखाली निसरडं, अंगावर पाच किलो कपडे. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आधी शहराला खेटा घालायचा तो वेगळाच. हेही एक वेळ चालेल. खरी अडचण दुसरी आहे. तिथली पाटी पोरं वाचणार, तिकीट पोरं काढणार, जेवण पोरं मागवणार. "अण्णा, इथं थांबा. आई, इकडं बघ." ढेकूळ हातात चुरून वाफसा झाला की नाही सांगणारा माणूस आठ दिवस पिशव्या सांभाळत उभा. आयुष्यभर ज्यांना बोट धरून चालवलं त्यांच्या मागं मुकाट चालायचं, आणि घरी आल्यावर विचारलं तर "छान होतं" एवढंच सांगायचं. असं गप्प होऊन परत आलेले लोक मी पाहिले आहेत.

म्हणून देश असा निवडा, जिथं तुम्हालाही पोरांना काही सांगता येईल. आपण गोदाकाठची उसाची माणसं. तेव्हा माझं मत मॉरिशसला.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं एक बेट. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. मुंबईहून विमानानं सहा-साडेसहा तास. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं आपल्याकडं शेकोटी पेटते तेव्हा तिथं उन्हाळा. थंडीत सांधे धरणाऱ्यांना हेच बरं. भारतीयांना आधीपासून व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरता पैसा दाखवता आला पाहिजे, आणि निघण्याआधी एक फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो पोरांना भरू द्या.

आणि तिथं ऊस आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. त्यांचा हंगाम जूनच्या सुमाराला सुरू होतो नि नोव्हेंबर-डिसेंबरात संपतो, म्हणजे आपल्या उलटा. रानात मध्येच काळ्या दगडांचे रचलेले मोठमोठे ढीग दिसतील. ते बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, दगड आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे, ते माणसांनी हातांनी वेचून रचले. नातवाला गाडीतून उतरवून तो ढीग दाखवा. बांध कसा घालतात, दगड कसा बसवतात, हे त्याच्या बापालाही आता सांगता येणार नाही. तुम्हाला येईल.

हे दगड वेचणारे लोक कोण? पोर्ट लुई या राजधानीच्या बंदरावर आप्रवासी घाट नावाची जागा आहे. इंग्रजांच्या मुलखात गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' नावाचं जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन तिथं लागलं. पुढं १९२० पर्यंत साडेचार लाखांवर माणसं कराराच्या कागदावर अंगठा उठवून त्या बेटावर उतरली. त्यात बिहारची होती, मद्रासकडची होती आणि मुंबई बंदरातून गेलेली आपल्या कोकणातली मराठीही होती. घाटाच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ पासून ती जागा जागतिक वारसा म्हणून जपली जाते. तिथं दहा मिनिटांत फोटो काढून निघू नका. उचल घेऊन, बायकापोरांसह, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर जोडून आपल्या फडावर येणारी टोळी तुम्ही वर्षानुवर्षं पाहता. कोपीत बाळंत झालेली बाई पाहिली असेल. तेव्हा त्या पायऱ्यांवर काय घडलं असेल, हे शहरात वाढलेल्या नातीला तुमच्याइतकं कोण सांगेल?

त्या कोकणी माणसांची पुढली पिढी आज तिथं शिकली-सवरली आहे. घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात, झाकडी नाचतात, आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. देवळात गाठ पडली तर आपणहून बोला, लाजू नका.

दुसरी जागा पाम्प्लमूसजवळच्या बो प्लाँ या गावी. १९९९ साली बंद पडलेल्या साखर कारखान्यातच साखरेचं मोठं संग्रहालय केलं आहे. चरक, कढया, सगळं जागच्या जागी. एके काळी त्या एवढ्याशा बेटावर अडीचशेच्या वर लहानमोठे कारखाने होते. आता तीन उरलेत. आपल्या तालुक्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला, त्याच्या गोष्टी तुम्ही वडिलांकडून ऐकल्या असतील. चांगदेवनगरचा आता बंद पडलेला कारखाना कुणी चालू असताना पाहिला असेल, भोंगा ऐकला असेल. पोरांनी पाटी वाचायच्या आत तुम्ही सांगू लागाल, की इथं मोळी पडते, इथून रस जातो, ही मळी, हे चिपाड. समुद्र आहेच, निळा नि उथळ. तो पोरांसाठी असू द्या.

एक ताकीद. त्या उसाचं बेणं पाहून हात शिवशिवेल. कांडी खिशात घालून आणू नका. परवान्याशिवाय बेणं, रोप, बी देशात आणायला कायद्यानं मनाई आहे आणि ती योग्यच आहे. एका कांडीतून आलेला रोग बांध ओळखत नाही.

आता माउल्यांसाठी. स्वस्त पडतं म्हणून पोरं स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतात. हौसेनं म्हणतात, आई, तुझ्या हातची भाकरी समुद्रावर! झालं. पन्नास वर्षांत एकदा चुलीपासून सुटली ती मॉरिशसात पीठ मळायला लागली, आणि सूनबाई भांडी घासायला. तेव्हा सकाळचा नाश्ता धरूनच खोली ठरवा. दुपारी रस्त्यावर धोल पुरी मिळते. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून, आत भरून लाटलेली पातळ पोळी, रस्सा आणि चटणीबरोबर देतात. पुरणपोळीची बिनगुळाची बहीण म्हणा. संध्याकाळी भात-भाजी कुठंही. चिवडा, दशम्या बरोबर घ्या. लोणच्याची बरणी नि तुपाचा डबा मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत चालत नाही. सुकं खोबरं तर घेऊच नका, तेलकट असल्यानं पेट घेईल म्हणून विमानात बंदी आहे. आणि अण्णांचा अडकित्ता घरी.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, मुदत दहा वर्षं. गाडं अडतं ते नावावर. आधारवर एक, मतदार यादीत दुसरं, माहेरचं तिसरं. जन्मतारीख तर गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली १ जून. ती खरी नसली तरी सगळ्या कागदांवर तीच असली पाहिजे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीबाबतचा शिक्का असतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती अट लागत नाही. प्रवास विमा काढताना साखर, रक्तदाब लपवू नका, आणि गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवा. मुंबईचा रस्ता आता सोपा आहे, समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. तरी आदल्या रात्रीच पोहोचा.

खर्च पोरं करतात तर करू द्या, पण लेकीला आणि जावयाला आमंत्रण तुमच्या तोंडून जाऊ द्या, त्यांची तिकिटं तुमच्या पैशातून. सोसायटीच्या पीककर्जातून मात्र एक रुपयाही नाही.

राहिलं घरचं. सगळं अडतं ते इथंच. वाटेकरी, भाऊबंद, शेजारी, कुणीही असो, त्याला मजुरी ठरवून द्या. चॉकलेटच्या पुड्यावर आठ दिवसांची धार कुणी काढू नये. गाय हात ओळखते. परका हात लागला की पान्हा चोरते. म्हणून निघण्याआधी आठवडाभर त्याच माणसाला तुमच्यासमोर धार काढू द्या. घास, मुरघास, पेंड किती, ते मापानं दाखवा. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. कालव्याचं आवर्तन मध्येच सुटलं तर पंचाईत नको, सात नंबरचा पाणी अर्ज आधी भरून ठेवा. रात्रीची लाइट असेल तर दारे धरायला एकट्या माणसाला पाठवू नका, उसात बिबट्या आहे. चिटबॉयला भेटून तोडीचा अंदाज घ्या. टोळी आलीच तर वजनाची पावती कोण घेणार, हे ठरवून जा.

तारखा नाताळाच्याच हव्यात असंही नाही. त्या आठवड्यात तिकिटं सगळ्यांत महाग, आणि जानेवारी ते मार्च तिकडं वादळ-पावसाचे दिवस. डिसेंबरचा पहिला पंधरवडा बरा. नातवंडांची शाळा चार दिवस बुडेल, बुडू द्या.

पुढच्या हिवाळ्याचं मनात असेल तर विचार लागवडीपासून करा. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली पुढल्या वर्षी नेमका या दिवसांत तोडीला येतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस मात्र त्याच्या पुढच्या जानेवारीनंतरच तुटतो. तोवर तुम्ही परत आलेले असाल.