कायदा १९७६चा, नियम १९३४चे : दिंडोरीच्या पाण्यावर कोणाची नजर?

आजचा धागा दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचा, आणि त्याच्या पाण्याचा कारभार ज्यांच्या नजरेखाली चालायला हवा त्या विधिमंडळाचा.

सुरुवात १८७९ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालवा अधिकाऱ्याच्या हाती सारी सत्ता दिली. शेतकऱ्याने हंगामागणिक अर्ज करायचा, अधिकाऱ्याने मंजुरी द्यायची. ज्याला आज आपण ग्राहक म्हणतो, तो तेव्हा केवळ अर्जदार होता.

१९७६ साली राज्याने स्वतःचा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम केला. मात्र त्याखालचे नियम झाले नाहीत. पुढे अनेक दशके कारभार चालला तो १९३४च्या मुंबई कालवे नियमांवर! जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडत आले.

येथे क्षणभर थांबू या. शासनाने केलेले नियम दोन्ही सभागृहांपुढे ठेवावेत, अशी तरतूद आपल्या कायद्यांत सहसा असते. दुय्यम विधान तपासणारी समितीही विधिमंडळाकडे आहे. पण जो नियम केलाच नाही, तो पटलावर येणार कसा? चुकीचा नियम पकडण्याची सोय आहे. न केलेल्या नियमाचा जाब विचारायला मात्र कोणा आमदाराला स्वतःहून आठवण व्हावी लागते. माझ्या मते आपल्या संसदीय देखरेखीतील सर्वांत मोठे भगदाड हेच.

हे भगदाड वाघाडच्या शेतकऱ्यांनी आपल्यापुरते बुजवले. कालव्याच्या शेवटाला, निफाड तालुक्यातील ओझरच्या शिवारात, पाणी धड पोहोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना संघटित केले आणि १९९०-९१च्या सुमारास पहिल्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, आपसांत वाटायचे, पट्टी आपणच गोळा करायची. पुढे सर्व संस्थांनी मिळून प्रकल्पस्तरीय संस्था स्थापली आणि अवघ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन हाती घेतले. आज त्या लाभक्षेत्रात द्राक्षबागा उभ्या आहेत.

२००५ साली विधिमंडळाने दोन कायदे केले. एकाने पाणी वापर संस्थांना भक्कम कायदेशीर पाया दिला. दुसऱ्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. पाण्याचे दर ठरवणे आणि शेती, उद्योग, शहरे यांच्यात पाण्याची हक्कदारी निश्चित करणे ही कामे त्याच्याकडे आली.

पण प्रत्यक्षात धरणांचे पाणी शहरांना व उद्योगांना वळवण्याचे निर्णय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समिती घेत राहिली. त्यावर आक्षेप येऊ लागले, तेव्हा २०११ साली विधिमंडळानेच कायदा दुरुस्त केला. क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि त्या समितीच्या जुन्या निर्णयांना न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण मिळाले.

वाटपाचा निर्णय निवडून आलेल्यांनी घ्यावा, याला माझा विरोध नाही. नेमलेल्या तज्ज्ञांपेक्षा मतदारांना उत्तर देणारा मंत्री लोकशाहीत केव्हाही बरा. पण उत्तर द्यायचे असेल तर प्रश्न जिवंत राहायला हवा. घेऊन झालेल्या निर्णयांवर कवच चढवणारे सभागृह स्वतःचीच प्रश्न विचारण्याची ताकद कमी करते. शेतकऱ्याचे पाणी गेले, आणि ते का गेले हे विचारण्याची वाटही अरुंद झाली.

याच २००५च्या कायद्यात, कलम १२(६)(ग) मध्ये, टंचाईच्या काळात खोऱ्यातील वरच्या व खालच्या धरणांनी तूट समान वाटून घ्यावी असे तत्त्व आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वाद पेटला, प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने कायद्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि ते तत्त्व मला न्याय्य वाटते. मात्र कलम कागदावर आले २००५ साली. त्याचा अर्थ लोकांना कळला तो धरणांची दारे उघडल्यावर.

इतिहासाची आवड असलेल्या तुमच्यापैकी कोणी विधिमंडळाच्या कामकाजाची जुनी इतिवृत्ते चाळणार असेल, तर वाघाड, करंजवण, पालखेड ही नावे त्यांत शोधा. आणि नोंद करा : विचारलेला प्रश्न आवर्तन कधी सुटणार याचा आहे, की पाणी कोणाला आणि का दिले याचा.