आईच्या घरची डागडुजी

डिसेंबर जवळ आला की इथे अमेरिकेत आपल्या मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी एकच विषय निघतो: यंदा घरी काय न्यायचं? २३ किलोच्या दोन बॅगा, आणि त्यात बसतील अशी यंत्रं. कुणी एअर फ्रायर घेतलेला असतो, कुणी स्लो कुकर, कुणी जमीन पुसत फिरणारी चकती. मला यावर स्पष्ट बोलायचं आहे. आईवडिलांच्या घरी यंत्रं नेऊ नका. त्यापेक्षा सुट्टीतले पहिले चार दिवस त्यांच्या घराच्या डागडुजीला द्या, आणि जमेल तेवढी डागडुजी स्वतःच्या हातांनी करा.

हे मला उमगलं ते शीव कोळीवाड्याच्या आमच्या घरातल्या माळ्यावर. स्टेशनवर गुरु तेग बहादूर नगर अशी पाटी आहे, पण आमच्या घरात अजून कोळीवाडाच म्हणतात. स्वयंपाकघराच्या वरच्या त्या माळ्यावर पूर्वी पापडाचे डबे, गणपतीचं मखर आणि पाहुण्यांच्या गाद्या असायच्या. चार वर्षांपूर्वी मी मखर काढायला वर चढले, तर समोर माझ्याच प्रेमाची रांग लागलेली: ब्रेड भाजायचं यंत्र, कॉफीचं यंत्र, स्लो कुकर, भाज्या चिरायचं यंत्र. सगळी मूळ खोक्यांत, वर जुन्या साड्यांचं आच्छादन. आईने एकही टाकलं नव्हतं आणि एकही वापरलं नव्हतं. कॉफीचं यंत्र मात्र बाबांनी एकदा लावून पाहिलं होतं. त्याच्या बुडाशी काळा डाग होता.

तो डाग कशाचा ते सांगते, कारण ही चूक अजूनही दरवर्षी होते. अमेरिकेत घरात वीज येते १२० व्होल्टची, ६० हर्ट्‌झची. मुंबईत ती २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्‌झची. पाणी तापवणाऱ्या साध्या कॉइलला जवळजवळ दुप्पट व्होल्ट मिळाले की उष्णता दुप्पट होऊन थांबत नाही, ती व्होल्टच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेचार पटीच्या आसपास जाते. कॉइल जळायला काही सेकंद पुरतात. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० असं छापलेलं असतं, ते कुठेही चालतात. तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. ट्रान्सफॉर्मर लावून काम भागतं हे खरं, पण त्या वजनदार, घुंघुं करणाऱ्या ठोकळ्याला आईच्या ओट्यावर जागा कुठे आहे?

व्होल्टचा प्रश्न सुटला तरी मूळ मुद्दा राहतोच. यंत्र ज्या स्वयंपाकासाठी घडलं, त्याच स्वयंपाकात ते टिकतं. सुमीत मिक्सरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या आयांना ठाऊक असेल. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकला नाही. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी ओलं-सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, अख्खी हळद वाटू शकेल अशी दणकट मोटर बनवायचं मनावर घेतलं, आणि १९६३मध्ये सुमीत जन्माला आला. पाट्यावरवंट्याशी टक्कर देणारं यंत्र पाट्याशेजारीच घडावं लागलं. तो मिक्सर आपल्या घराघरांत पंचवीस-तीस वर्षं चालला, यात त्याच्या मोटरचा वाटा मोठा आहेच. पण त्याचं भांडं, ब्लेड, बुश, रबर असं सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं, हेही तितकंच मोठं कारण आहे.

आईच्या आताच्या मिक्सरचा आवाज बदलला होता, भांडं फिरत नव्हतं. भावाने फोनवर सांगितलं, नवीन घेऊन टाकू. मी मिक्सर उलटा करून बघितला तर खालचा कपलर झिजला होता, त्याचे दाते बोटाला गुळगुळीत लागत होते. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत दुसरा बसवला. चहाला जितके पैसे लागतील तितकेच लागले म्हणा ना. कुकरची वाफ बाजूने जात होती, ती नव्या गॅस्केटने थांबली. (गॅस्केट आणायला जाताना जुनं बरोबर न्या. लिटरचा आकडा तोंडी सांगितला तर हमखास चुकीचं येतं.) या दोन वस्तू आई रोज वापरते आणि दोन्ही महिनोन्‌महिने अर्धवट चालत होत्या. माळ्यावर मात्र चार यंत्रं पडून होती.

आता न्हाणीघराकडे येते. माझा सगळा जीव तिथेच अडकला आहे. आई २०१९च्या पावसाळ्यात तिथे घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. मी न्यू जर्सीत झोपेत होते. तळमजल्यावरच्या कोळी मावशी धावत वर आल्या, त्यांनीच तिला उचललं, त्यांनीच रिक्षा-टॅक्सीची धावपळ केली. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या वर्षी मी काय पाठवलं असेल? भाज्या चिरायचं यंत्र, हात दुखतो म्हणून. घसरण्याचं कारण जिथल्या तिथे राहिलं.

पुढच्या खेपेला मी ड्रिल विकत घेतलं, तिथेच, दोनशे तीस व्होल्टचं. मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात दिवे आणि वायरी मिळतात, नागदेवीच्या बाजारात हत्यारं आणि पकडायच्या दांड्या. स्टेनलेस स्टीलची दीड फुटी दांडी घेतली. रबराच्या चकत्यांनी टाइलला चिकटणाऱ्या दांड्याही मिळतात. त्या घेऊ नका. ओल्या टाइलवरून त्या कधी सुटतील याचा भरवसा नाही, आणि माणूस सगळा भार टाकतो नेमक्या त्याच क्षणी सुटतात.

दांडी किती उंचीवर लावायची हे मी पुस्तकातून ठरवलं नाही. आईला कमोडवर बसवलं आणि उठ म्हटलं. उठताना तिचा हात आपसूक भिंतीवर जिथे टेकला तिथे पेन्सिलने खूण केली. मग नळापाशी उभं केलं, वाक म्हटलं, पुन्हा खूण केली. "अगं, मी इथेच धरते रोज, त्या पाइपला," ती म्हणाली. तो पाइप गीझरचा होता. तो गरम असतो आणि एका क्लॅम्पवर लटकलेला आहे. इतकी वर्षं ती त्या पाइपच्या आधाराने उठत होती आणि हे आम्हा दोघा भावंडांना माहीत नव्हतं.

टाइल फुटू नये म्हणून खुणेवर चिकटपट्टी लावली आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडलं. विटेला लागल्यावर हॅमर चालू केला. पहिल्या जागी भिंत पोकळ वाजली, आतलं प्लास्टर सुटलेलं होतं आणि स्क्रूसाठी घातलेली प्लास्टिकची गिट्टी नुसती गोल फिरत राहिली. ते भोक सिमेंटने बुजवून दांडी चार बोटं सरकवली. तिथे वीट घट्ट होती, गिट्टी ठोकावी लागली. सहा स्क्रू आवळल्यावर मी स्वतः दोन्ही हातांनी त्या दांडीला लोंबकळले. मग आईला धरायला सांगितलं. तिने ती धरली, सोडली, पुन्हा धरली, आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

हे काम प्लंबरकडून करून घेता आलं असतं, असं म्हणणारे भेटतात. अ‍ॅपवरून माणूस येतो, तासाभरात जातो. खरं आहे, आणि विजेचं काम तर जाणत्या, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं. आमच्या गीझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आई त्याला "थंडीचं होतं तसं" म्हणत होती. तो अर्थिंगचा दोष होता. तिथे मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त करून घेतलं आणि मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. वीज गळायला लागली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. इथे अमेरिकेत आपल्या बाथरूममधल्या सॉकेटला असं संरक्षण असणं आपण गृहीत धरतो. आईच्या बाथरूमला ते आहे का, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे? पण दांडी कुठे हवी हे कुठल्याही अ‍ॅपवरच्या माणसाला कळणार नव्हतं. त्याने ती त्याच्या सोयीच्या जागी लावली असती. आईने त्याला पाइपचं सांगितलंही नसतं, परक्या माणसाला कशाला, म्हणून.

पाण्याचंही तसंच. कोळीवाड्यात पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, म्हणून मोरीत पिंप असतंच. सत्तरी ओलांडलेली बाई त्या पिंपातून वाकून तांब्या-तांब्याने बादली भरते आणि मग ती बादली उचलते. आम्ही पिंपाला बुडापासून चार बोटांवर भोक पाडून वॉशर लावून नळ बसवला आणि पिंप लोखंडी स्टँडवर ठेवलं. नळाखाली बादली ठेवायची, अर्धी भरायची आणि पायाने सरकवायची. माझ्या मते त्या घरातली ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे. वॉशिंग मशीन घ्यायचं असेल तर तिथेच घ्या आणि पाण्याच्या वेळा विचारून घ्या. पूर्ण ऑटोमॅटिक मशीनला नळाला सतत दाबाने पाणी लागतं. ते नसेल तर मशीन मध्येच थांबून दिवा लुकलुकवत बसतं. अशा घरात बादलीने भरता येणारं सेमी-ऑटोमॅटिकच बरं.

आरओबद्दल मी जरा ठामपणे बोलते, कारण आपल्यातले बरेच जण आईवडिलांना तो आग्रहाने बसवून देतात. मुंबईला पाणी येतं भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी या सात तलावांतून. ते पावसाचं, गोडं पाणी आहे. त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी असतात. आरओचं काम क्षार काढणं, आणि घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडून देतं. क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओवर बंदी आणा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्येच केंद्र सरकारला सांगितलं होतं. ठरावीक वेळेला येणाऱ्या पाण्यातलं दोन-तृतीयांश वाहून घालवणारं यंत्र कोळीवाड्यातल्या घरात बसवणं मला चूक वाटतं. आमच्याकडे खरी अडचण सोसायटीच्या टाकीत होती, ती धुतली जात नव्हती. टाकी धुऊन घ्या, यूव्ही लावा नाहीतर पाणी उकळा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो आपल्या आईवडिलांकडूनच येतो: "बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, आता कशाला खर्च करायचा?" मुंबईतल्या निम्म्या गळक्या भिंतींमागे हे एकच वाक्य उभं आहे. शेजारची पंजाबी कॉलनी आम्ही लहानपणापासून पाहिली. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी बांधलेल्या त्या इमारती शेवटी धोकादायक ठरल्या, रहिवाशांना घरं सोडावी लागली आणि आता त्यांचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे. त्या दरम्यान वर्षांमागून वर्षं गेली. इमारतीला वाट पाहता येते. पंचाहत्तरीच्या माणसाला ओल्या टाइलवर वाट पाहता येत नाही. दांडी, नळ, आरसीसीबी यांचा एकूण खर्च माझ्या त्या जळक्या कॉफीच्या यंत्रापेक्षा कमी आला. उद्या बिल्डिंग पाडली तर दांडी काढून नव्या घरात लावता येते, सहा स्क्रू तर आहेत.

घर कसं राखायचं हे तिथल्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, हेही मी तिथेच शिकले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कोळी मावशींच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. त्यानंतर त्यांनी घरातले सगळे विजेचे बोर्ड छातीच्या उंचीवर घेतले आणि फ्रीज दोन फुटी चौथऱ्यावर चढवला. सुक्या बोंबलांचा डबा सगळ्यांच्या वर. कुणाही इंजिनिअरने सांगितलं नव्हतं. आपण जाताना आपली अक्कल बरोबर घेऊन जातो, तिथे पोचल्यावर आधी शेजारी काय करतात ते बघावं.

प्रेमाने आणलेली वस्तू नाकारू नये, हे मलाही पटतं. आई तर नाकारतच नाही, ती साडीने झाकून माळ्यावर ठेवते. म्हणून ही जबाबदारी आपली आहे. न्यायचंच असेल तर चांगली टॉर्च न्या, पॅसेजमध्ये माणूस आला की आपोआप लागणारा छोटा दिवा न्या, औषधांचा वारांचा डबा न्या. उरलेलं वजन लाडू-चकलीसाठी परतीला मोकळं ठेवा.

या डिसेंबरात पोचलात की पहिल्या दिवशी जेटलॅगने पहाटे तीनला जाग येईलच. आई उठेपर्यंत जागे राहा. ती अंधारात उठून कुठल्या भिंतीला, कुठल्या पाइपला, कुठल्या दाराच्या कडीला हात लावत न्हाणीघरापर्यंत जाते ते बघा, आणि दुकानं उघडली की ड्रिल आणायला निघा.