गडी किती, गनीम किती ?

शिळफाट्याचें घर म्हणजे वाटेवरचें घर. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता येथून घाटाकडे निघतो आणि पालीचा रस्ता येथेंच फुटतो. त्यामुळें कोणता पाहुणा कोणत्या दिवशीं उतरेल, हें गृहिणीस आधीं कधींच ठाऊक नसतें. भाताचें माप वाढवून ती वेळ निभावून नेते. परंतु रात्रीं माजघरांत खेळावयास बसणारीं मुलें तीन आहेत कीं सात, यावर खेळाचें सारें रूप अवलंबून असतें, आणि तेथें नुसतें माप वाढवून भागत नाहीं. त्याविषयीं या महिन्यांत चार शब्द वाचकांपुढें ठेवावे, असें आम्हीं योजिलें आहे.

पत्त्यांपुरती ही अडचण आपल्या वडील माणसांनीं केव्हांच सोडविली आहे. चौघे असले कीं मेंढीकोट. तिघेच उरले कीं पांच-तीन-दोन. त्यासाठीं ५२ पानांतून लहान पानें काढून ३० च ठेवावयाचीं, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास १० येतात. घर भरलें कीं दोन जोड एकत्र करून झब्बू. माणसें पाहून डाव बदलावा, डावासाठीं माणसांस उठवूं नये, हा त्यांतला शहाणपणा.

आजच्या मुलांत एक निराळाच खेळ रूढ होत आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें सर्वांत प्रसिद्ध रूप. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होऊन कथा सांगतो ; बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या कथेंत शिरतात ; वार लागला कीं चुकला, याचा निकाल २० पैलूंचा फांसा देतो. गडी एकमेकांविरुद्ध खेळत नाहींत. सर्व मिळून सूत्रधारानें उभ्या केलेल्या गनिमाशीं झुंजतात. हरदास जसा श्रोते पाहून आख्यान आंखडतो किंवा वाढवितो, तसा गडी पाहून गनीम किती व केवढा ठेवावा, हें सर्वस्वीं सूत्रधाराकडे असतें.

गेल्या वर्षीं गणपतींत हें काम आमच्या गळ्यांत पडलें. चौघांसाठीं म्हणून आम्हीं चार गॉब्लिन, म्हणजे बुटके, कपटी राक्षस, एका ओढ्याकांठीं दबा धरून बसविले होते. गाडी चुकल्यामुळें दोन भावंडें त्या सायंकाळीं पोंचलीं नाहींत. उरलीं दोघेंच, एक नातू आणि नऊ वर्षांची एक नात. गडी निम्मे झाले, तेव्हां प्रत्येक गनिमाचा जीव निम्मा केला म्हणजे तोल राहील, असें त्रैराशिक आम्हीं मांडलें. पहिल्याच फेरींत नातीचें पात्र पडलें. पुढचा अर्धा तास ती पोर फांसा मुठींत धरून मुकाट्यानें बसून होती. दुसऱ्या दिवशीं सहा जणें जमलीं, तेव्हां तिला ‘कच्चा लिंबू’ करावें, म्हणजे तिचें पात्र कधीं मरणारच नाहीं, असें आम्हीं सुचविलें. ती म्हणाली, “आजोबा, मला कच्चा लिंबू नका करूं. मेलें तर मेलें, पण खरें खेळूं द्या.” दोष तिच्या वयाचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता.

चूक कोठें झाली ? आम्हीं जीव मोजला, पाळ्या मोजल्या नाहींत. गॉब्लिन मुळांतच इतका दुबळा कीं तलवारीच्या एका चांगल्या वारानें तो पडतो ; त्याचा जीव निम्मा केल्यानें मुलांचा लाभ कांहींच झाला नाहीं. परंतु प्रत्येक फेरींत चौघांचे चार वार येतच राहिले, आणि मुलांचे मात्र दोन. दोघांपैकीं एक पडला कीं निम्मी फौज गेली. चौघांतील एक पडला तर तिघे उरतात, आणि त्यांतला एक पडलेल्यास उठवितो. लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच गणितानें मांडलें आहे : उघड्या मैदानांत, जेथें प्रत्येकास वार करतां येतो तेथें, सैन्याचें बळ संख्येच्या वर्गाप्रमाणें वाढतें. दुप्पट माणसें म्हणजे चौपट बळ.

खेळाच्या २०१४ सालच्या आवृत्तींतील कोष्टक हेंच सांगतें. पहिल्या पायरीवरील प्रत्येक गड्यामागें सोप्या झुंजीचे २५ गुण, मध्यम झुंजीचे ५० व प्राणघातक झुंजीचे १०० धरावयाचे. एका गॉब्लिनचे गुण ५०. परंतु गनीम तीन ते सहा असले तर बेरजेची दुप्पट करावयाची. चार गॉब्लिन म्हणजे ४००. चौघांची प्राणघातक मर्यादाही ४०० च. गडी सहा असले तर दुप्पट न करतां दीडपटच करावयाची. तेच चार गॉब्लिन ३०० चे होतात, आणि सहांसाठीं ती नेमकी मध्यम झुंज ठरते. गडी दोन असले तर अडीचपट, म्हणजे ५००. दोघांची प्राणघातक मर्यादा अवघी २००! दोघांपुढें एकच गॉब्लिन ठेवला असता तर ७५ गुणांवर, सोपें व मध्यम यांच्या मधोमध काम झालें असतें. २०२४ सालच्या सुधारलेल्या ग्रंथांत हा गुणाकार काढून माणशीं वांटाच तेवढा ठेवला आहे. हिशेब सोपा झाला. पाळ्यांकडे लक्ष ठेवण्याचें ओझें मात्र सूत्रधारावर आलें.

संख्येला दुसरा उतारा जागेचा, आणि तो शिकण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. पालीच्या रस्त्यानें गेलें म्हणजे आडवाटेस चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ सालच्या फेब्रुवारींत शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान फौज घेऊन कोंकणांत उतरत असतां शिवाजीमहाराजांनीं त्यास या खिंडींत पुढून व मागून कोंडलें, आणि खानास शरण यावें लागलें. चिंचोळ्या वाटेंत मोठी फौज एकदम हात चालवूंच शकत नाहीं. पुढच्यांनीं लढावें आणि मागच्यांनीं उभें राहावें. गडी थोडे असतील त्या दिवशीं त्यांस अशी खिंड द्यावी, किंवा गनीम दोन टोळ्यांनीं आणावा. तेवढ्यानेंही न भागेल तर गनिमानें ठार न मारतां कैद करावें, म्हणजे कथा पुढें चालते.

गडी पुष्कळ झाले कीं अडचण उलटी. एकटा राक्षस सहांच्या सहा वारांखालीं एकदाच हात उचलतो. त्याचा जीव नुसता वाढविला तर झुंज लांबते आणि धाकटीं जांभया देऊं लागतात. त्यापेक्षां त्यास साथीदार द्यावे, किंवा इतरांच्या पाळ्यांमध्यें त्यास एखादा जादा वार द्यावा. ग्रंथांत मोठ्या ड्रॅगनांस ही सवलत आहेच. शिवाय एखादें दुसरें काम लावून द्यावें : कोणी दार धरावें, कोणी कैदी सोडवावा.

त्या दुसऱ्या रात्रीं आम्हीं सहा गड्यांपुढें सहा गॉब्लिन ठेविले. तीन आधीं, तीन मागून. खिंडीच्या तोंडावर दरडी लोटण्याचें काम नातीकडे आलें. दुसऱ्या टोळीच्या वेळीं तिचें पात्र पडलें. तिच्या आतेभावानें तें उठविलें आणि पुढच्या फेरींत तिनें शेवटची दरड लोटली. पानावर बसल्यावर हीच हकीकत तिनें आजीस दोनदां सांगितली.

खेळावयास बसण्यापूर्वीं डोकीं मोजावीं, मग गनीम मोजावा. आणि लहानास सवलत देण्याआधीं त्याला पुरेशा पाळ्या मिळतील कीं नाहीं, हें पाहावें.