तीनदा गाव सोडलेली टीम जुहूच्या रणदिवेंनी चौथ्यांदा हलू दिली नाही, पण पुढचं गणित काही जमेना

4 ऑक्टोबर 2019. वरळीचा एनएससीआय डोम. एनबीएच्या दोन टीम भारतात पहिल्यांदाच समोरासमोर होत्या आणि गॅलरीत शाळकरी पोरांचा दंगा चालू होता. जादा वेळेत गेलेली मॅच इंडियाना पेसर्सनं 132-131 अशी मारली. हरलेली टीम होती सॅक्रामेंटो किंग्ज. पण मॅच मुंबईत झाली यामागं हरलेल्या टीमच्या मालकाचा मोठा हात होता. मालकाचं नाव विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, बालपण जुहूत गेलेलं.

आता ही टीम रणदिवेंकडं आली कशी, हे समजायला आधी अमेरिकेतली टीम म्हणजे काय भानगड असते ते बघावं लागतं.

समजा, वडूजमध्ये एक कबड्डी मंडळ आहे. पोरं गावातली, वर्गणी गावातली. उद्या एखादा पैसेवाला आला, मंडळ विकत घेतलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून हा संघ बारामतीचा." गाव त्याला वेशीपर्यंत सोडायलासुद्धा जाणार नाही. अमेरिकेत मात्र हे रीतसर होतं. तिथं टीम ही मालकाची मालमत्ता. शहर फक्त नाव देतं, गर्दी देतं आणि बऱ्याचदा स्टेडियमला पैसेही देतं. बाकीच्या मालकांनी मतदानात मान्यता दिली की टीम सामान बांधून निघाली.

किंग्जनी हे तीनदा केलंय. सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमधून झाली. तिथं नाव होतं रॉयल्स. 1951 ला त्यांनी न्यूयॉर्क निक्सला सातव्या मॅचमध्ये हरवून एनबीए जिंकली. त्यांची ती पहिली एनबीए ट्रॉफी, आणि त्यानंतर आजवर एकही नाही. 1957 ला टीम सिनसिनाटीला गेली. 1972 ला कॅन्सस सिटीला. तिथं बेसबॉलची रॉयल्स आधीच होती, म्हणून बारसं पुन्हा झालं आणि रॉयल्सचे किंग्ज झाले. 1985 ला मुक्काम सॅक्रामेंटो.

या प्रवासात खेळाडू मात्र एकेक भारी होऊन गेले. ऑस्कर रॉबर्टसननं 1961-62 च्या हंगामात मॅचमागं सरासरी 30.8 पॉइंट, 12.5 रिबाउंड आणि 11.4 असिस्ट केले. तिन्ही आकडे दहाच्या वर, तेही अख्ख्या हंगामाची सरासरी. पुढं 55 वर्षं हे कुणाला जमलं नाही. 1972-73 ला टायनी आर्चिबाल्ड पॉइंट आणि असिस्ट दोन्हींत लीगमध्ये पहिला आला.

पण या टीमची खरी गोष्ट सांगायची तर मॉरिस स्टोक्सची सांगावी लागते. मार्च 1958 मध्ये हा खेळाडू मॅचमध्ये डोक्यावर आपटला. शुद्धीवर आला, पुन्हा खेळला, तीन दिवसांनी आणखी एक मॅचही खेळला. त्यानंतर त्याची तब्येत ढासळली आणि अंग लुळं पडलं. वय 24. त्या काळात खेळाडूंना धड विमा नव्हता की पेन्शन नव्हती. अशा वेळी त्याचाच सहकारी जॅक ट्वायमन कोर्टात जाऊन त्याचा कायदेशीर पालक झाला. स्टोक्स काळा, ट्वायमन गोरा, आणि साल 1958. ट्वायमननं मदतीच्या मॅच भरवल्या, दवाखान्याची बिलं भागवली आणि 1970 ला स्टोक्स गेला तोवर साथ सोडली नाही. एनबीए आजही सर्वोत्तम सहकाऱ्याला या दोघांच्या नावानं पुरस्कार देते.

सॅक्रामेंटोत टीमचे चांगले दिवस आले ते 1998 नंतर. ख्रिस वेबर, व्लादे डिवाच, पेजा स्टोयाकोविच आणि कोच रिक एडलमन. 2001-02 ला 61 मॅच जिंकून गडी कॉन्फरन्स फायनलला पोचले. समोर शकील ओनील आणि कोबी ब्रायंटची लेकर्स. सहाव्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये रेफरींनी लेकर्सना 27 फ्री थ्रो दिले. किंग्ज ती मॅच हरले, मग घरची सातवीही हरले. सॅक्रामेंटोत हा विषय आजही काढला की माणसं तापतात.

पुढं मालूफ बंधूंकडचा पैसा आटला. 2013 ला टीम सिएटलच्या एका गटाला विकायचं ठरलंही होतं. तेव्हा शहराचे महापौर होते केविन जॉन्सन, स्वतः एनबीए खेळलेले. त्यांनी स्थानिक गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली आणि रणदिवे पुढं आले. सोळाव्या वर्षी एमआयटीला जायचं म्हणून परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात तळ ठोकल्याचा किस्सा ते स्वतः सांगतात. पुढं टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी काढली, गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये छोटा हिस्सा घेतला. तो हिस्सा सोडून त्यांनी किंग्ज घेतली. टीमचं मूल्य धरलं होतं साधारण 53 कोटी डॉलर. मे 2013 मध्ये मालकांनी 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं.

अर्थात हे फुकटात झालं नाही. नव्या स्टेडियमसाठी शहरानं सुमारे 25 कोटी डॉलरचा वाटा उचलला, आणि त्याची फेड मुख्यतः शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नातून करायचं ठरलं. म्हणजे बास्केटबॉल न बघणारा माणूसही गाडी लावताना टीमसाठी पैसे मोजतो. 2016 ला गोल्डन 1 सेंटर उभं राहिलं.

टीम वाचली. खेळाचं काय? इथं रणदिवेंचा हिशोब तितका चांगला दिसत नाही. 2013 ते 2025 या काळात आठ कोच झाले. पहिले मायकेल मलोन, ज्यांना 2014 ला 24 मॅचनंतर घरी पाठवलं, त्यांनीच 2023 ला डेन्व्हरला ट्रॉफी जिंकून दिली. 2018 च्या ड्राफ्टमध्ये लुका डोंचिच समोर असताना किंग्जनी मार्विन बॅगली उचलला. धीर नसलेला मालक, असा शिक्का रणदिवेंवर बसला तो उगाच नाही.

2006 नंतर सलग 16 हंगाम टीम प्लेऑफला गेली नाही. एनबीएच्या इतिहासात इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही. माण-खटावच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. तो 2023 ला संपला. कोच माइक ब्राउन, डीआरन फॉक्स आणि डोमांटास सबोनिस यांनी गाडी रुळावर आणली. मॅच जिंकली की स्टेडियमच्या छतावरून आभाळात जांभळा झोत सोडायचा, ही पद्धतही त्याच हंगामात सुरू झाली. पहिल्याच फेरीत वॉरियर्सच्या स्टीफ करीनं सातव्या मॅचला 50 पॉइंट ठोकले आणि खेळ संपला, तरी शहर खूश होतं.

आणि मग? डिसेंबर 2024 मध्ये ब्राउनना काढलं. फेब्रुवारी 2025 मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. तो हंगाम संपला तेव्हा किंग्ज 40 मॅच जिंकले होते आणि 42 हरले होते. प्लेऑफचं दार पुन्हा बंद. टीम मात्र सॅक्रामेंटोतच आहे.