ठाणे जिल्ह्याच्या गुणांत भिवंडी कुठे आहे?

केंद्राचं शिक्षण मंत्रालय आता जिल्ह्यांनाही गुण देतं. ८३ निकष, ६०० गुण आणि वरच्या ‘दक्ष’पासून तळाच्या ‘आकांक्षी-३’पर्यंत दहा श्रेणी. जिल्ह्यांची अशी गुणपत्रिका पहिल्यांदा २०२२ मध्ये निघाली. राज्यांची त्याआधीपासून निघते. मोजमाप हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सरकारी शाळेत ज्यांची मुलं जातात, त्यांना हिशेब मागायला दुसरी जागा नसते. पण ठाणे जिल्ह्याचे गुण वाचून भिवंडीच्या मुलांबद्दल काहीच कळत नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाही.

ठाणे या एका जिल्ह्यात सहा महापालिका आहेत. नवी मुंबईची शाळा, शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरची शाळा आणि भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात भरणारी शाळा, तिघींचा मिळून एकच आकडा. मागांवर काम करायला इथे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसं आली, म्हणून या शहरात मराठीच्या जोडीने उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमाचेही वर्ग भरतात. तेलुगू माध्यमाच्या मुलांना त्या भाषेचा शिक्षक मिळाला का? उर्दू शाळेतल्या मुली आठवीनंतर कुठे गेल्या? जिल्ह्याच्या सरासरीत हे प्रश्नच उरत नाहीत.

वीटभट्टीवरच्या मुलांचं तर त्याहून वाईट. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं भिवंडी तालुक्यातल्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. यू-डायस या देशभरातल्या शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीची संदर्भ तारीख आहे ३० सप्टेंबर. त्या दिवशी मूल गावच्या शाळेच्या पटावर असतं. दोन महिन्यांनी ते इथे विटा उलटत असतं, तरी कागदावर ते शाळेतच! देशपातळीवरची संपादणूक चाचणी २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला झाली, २०२४ मध्ये ४ डिसेंबरला. दोन्ही तारखा भट्टीच्या हंगामातल्या. चाचणी हजर मुलांचीच होते. जे मूल गावच्या वर्गात नाही आणि इथल्या पटावरही नाही, त्याला वाचता येतं की नाही हे कुठल्याच जिल्ह्याच्या गुणांत उतरत नाही. नव्वदच्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर भोंगा शाळा, म्हणजे भट्टीवरच झोपडीत भरणाऱ्या शाळा, चालवल्या, त्या या मुलांसाठीच. आता स्थलांतरित मुलांना नव्या ठिकाणच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. मग अशी किती कार्डं यंदा तालुक्यातल्या शाळांत पोहोचली, हा आकडा दरवर्षी जाहीर झालाच पाहिजे.

श्रेणीवर किती विसंबायचं, हेही एकदा पाहू. २०२०-२१ च्या राज्यांच्या गुणपत्रिकेत महाराष्ट्राला हजारपैकी ९२८ गुण होते, केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने. पुढच्या वर्षी निकष बदलले आणि देशातलं एकही राज्य पहिल्या पाच श्रेणींत आलं नाही. एका वर्षात शाळा एवढ्या ढासळल्या नव्हत्या, बदलली होती ती मोजपट्टी.

मग करायचं काय? अमेरिकेत २००२ मध्ये शाळांच्या मोजमापाचा मोठा कायदा आला. गुण कमी पडलेल्या शाळांवर त्याने बडगा उगारला, शिक्षक परीक्षेपुरतं शिकवू लागले. ते आपल्याला नको. पण गरीब मुलं, दिव्यांग मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं यांचे निकाल वेगळे दाखवणं त्या कायद्याने बंधनकारक केलं. चांगल्या सरासरीआड त्यांना लपवता येईना. आपल्याकडे हे करायला नवं पोर्टल नको, की मुख्याध्यापकांच्या माथी नवा तक्ता नको. यू-डायसमध्ये माहिती शाळानिहाय आहेच. ती महापालिकानिहाय आणि माध्यमनिहाय छापायची, इतकंच काम आहे, आणि ते राज्याच्या शिक्षण विभागाने यंदाच करावं.

तोवर भिवंडीतल्या पालकांनी थांबू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. येत्या बैठकीत आपल्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक विचारा, त्यावरून शाळेची माहिती काढा आणि त्यात लिहिलेले शिक्षक, नळ, संगणक शाळेत खरोखर आहेत का, हे स्वतः वर्गावर्गांतून फिरून पाहा.