कौल लावायचा, तर तो मानायचाही!

मावळच्या शेतकऱ्याला राज्यकर्त्यांनी आजवर कधी काही विचारले आहे काय? शेजारच्या मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा परक्या सरकारने विचारले नाही. १९२१ साली मावळ्यांना सत्याग्रहाला उभे राहावे लागले. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. त्यानंतर नव्वद वर्षांनी स्वकीयांच्या सरकारनेही विचारले नाही. पवना धरणाचे पाणी बंदिस्त जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन क्रांतिदिनी, शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्यांत एक स्त्री होती. योजना थांबली, ती त्यानंतर. संमती आहे की नाही, हे कळण्यासाठी सरकारला तीन प्रेते लागली!

बोरघाट उतरून रायगड जिल्ह्यात गेले की दुसरा प्रकार दिसतो. पेण तालुक्यातील जमिनींवर रिलायन्सच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राची दृष्टी पडली होती. प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी असा रेटा लावला की, २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत सरकारला जनमत घ्यावे लागले. शेतकऱ्यांनी मते दिली. सरकारने मात्र निकाल अधिकृतपणे जाहीरच केला नाही. गावच्या देवळात कौल लावला, तर कळी उजवी पडो की डावी, ती मानावी लागते. येथे सरकारने कळीच मुठीत दाबून धरली. पुढे प्रकल्प बारगळला, तो शेतकरी हटले नाहीत म्हणून.

घाटावर विचारले नाही आणि घाटाखाली विचारून उत्तर दडपले. या दोहोंचे मूळ एकच आहे. आपल्या राज्यघटनेत लोकांचा थेट कौल घेण्याची तरतूद नाही. ती करण्याची संधी एकदा आली होती. आणीबाणीत, १९७६ साली, विरोधी नेते तुरुंगात असताना बेचाळिसावी घटनादुरुस्ती उरकून घेण्यात आली. पुन्हा तसे घडू नये, म्हणून जनता सरकारने १९७८ साली पंचेचाळिसाव्या दुरुस्तीचे विधेयक आणले. घटनेचे धर्मनिरपेक्ष व लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका आणि न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य यांना बाधा आणणारी दुरुस्ती सार्वमताशिवाय अमलात येऊ नये, आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी भाग घेतलेला असावा, असे कलम त्यात होते. लोकसभेने ते संमत केले. काँग्रेसचे बहुमत असलेल्या राज्यसभेने ते फेटाळले. बाकीचे विधेयक चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून कायदा झाले. जनतेचा अधिकार मात्र वगळला गेला.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. बहुसंख्येच्या हाती हे शस्त्र दिले, तर दुबळ्यांच्या हक्कांचे काय? १९७८ साली मराठवाड्यात दलित वस्त्या जळत असताना नामांतरावर मतदान घेतले असते, तर काय निकाल लागला असता, हे सांगावयास नको. म्हणूनच सार्वमत हा लगाम असावा, चाबूक नव्हे. हक्क काढून घेण्यासाठी ते नाही. संसदेतील दोन-तृतीयांश बहुमत आणि न्यायालयाने १९७३ साली सांगितलेली मूलभूत चौकट यांच्या जोडीला ते आणखी एक कुलूप आहे.

चाबूक सत्ताधाऱ्याच्या हाती असला की काय होते, हे नेपाळने पाहिले. १९७९ च्या एप्रिलमध्ये काठमांडूचे विद्यार्थी रस्त्यावर आले, लाठ्या-गोळ्यांना पुरून उरले, आणि राजा वीरेंद्रांना पंचायत पद्धत की बहुपक्षीय लोकशाही, असे सार्वमत जाहीर करावे लागले. पण राजवाड्याचीच यंत्रणा कायम होती आणि पक्षांवरील बंदी कायद्याने उठलेली नव्हती. २ मे १९८० रोजी पंचायतीला सुमारे ५५ टक्के मते मिळाली. तरीही दहा वर्षांत, १९९० च्या जनआंदोलनाने ती पद्धत गेली. आंदोलनाने सार्वमत मिळते. परंतु प्रश्न कोण लिहितो आणि मोजणी कोण करतो, यावर आंदोलनाने पहारा ठेवला नाही, तर हाती आलेले निसटते.

आपल्या मागण्या म्हणून स्पष्ट हव्यात. १९७८ चे ते कलम घटनेत आले पाहिजे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात खाजगी कंपनीसाठी ८० टक्के आणि भागीदारीतील प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला मात्र ही अट नाही. ती सर्वांना लागू झाली पाहिजे. ओडिशात नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार निर्णय घेतला आणि खाण नाकारली. तेथील आदिवासींना जे साधले, ते मावळच्या ग्रामसभांना का साधू नये? आणि असा कौल स्वतंत्र निवडणूक यंत्रणेने घ्यावा, ठरल्या मुदतीत जाहीर करावा.

यासाठी लोणावळा, वडगाव, तळेगाव येथील विद्यार्थ्यांनी खेड्यांत गेले पाहिजे. ज्या मुलाच्या बापाची खाचरे गेली, त्याला घटनेचे कलम समजावून सांगण्यास वकील लागत नाही. दर ९ ऑगस्टला हुतात्म्यांना हार घालण्यास पुढाऱ्यांची रीघ लागते. आपल्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशी हारांबरोबर ठरावाचे मसुदे न्यावेत, आणि सहा दिवसांनी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, प्रत्येक गावात ते मतास टाकावेत.