माजघरातून : विरोधात बसलेली बाई

मैत्रिणींनो, मेथांब्याच्या पाकाबद्दल तुमची बरीच पत्रं आली आहेत. त्यांची उत्तरं पुढच्या वेळी देईन. आज एकाच पत्राबद्दल लिहिते, कारण चार दिवस झाले, ते काही डोक्यातून जात नाही.

पत्र लिहिणारी आपली मैत्रीण तालुक्याच्या गावची आहे. नाव-गाव छापू नका म्हणाली आहे, म्हणून छापत नाही. महिलांसाठी राखीव असलेल्या वॉर्डातून ती नगरपरिषदेवर निवडून आली, पण तिच्या पक्षाचे तिघेच आले आणि सत्ता दुसऱ्यांच्या हाती गेली. ती लिहिते, “वॉर्डात चार दिवसांआड पाणी येतं. बायका मला विचारतात. सभेत उभी राहिले की ‘ताई, बसा, घेतलंय लिहून’ म्हणतात. यजमान म्हणतात, सत्तेत नाहीस तर तुझ्या हातून काय होणार? एक तर तिकडे जा, नाही तर राजीनामा देऊन घर सांभाळ. मुलगी पहिलीत आहे. सासूबाई बोलत काहीच नाहीत, पण भांडी जरा जोरात ठेवतात.”

शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. ही भांड्यांची भाषा आपल्यापैकी कुणाला समजत नाही?

यजमानांच्या सल्ल्यातला पहिला भाग आधी बाजूला काढू या. ‘तिकडे जा’ हे वाटतं तेवढं सोपं नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठी १९८६ चा अनर्हता कायदा आहे. ज्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलात तो आपण होऊन सोडला, तर सदस्यत्वच जाऊ शकतं. म्हणजे तेल गेलं, तूपही गेलं. राहता राहिला दुसरा भाग. सत्ता नसलेल्या माणसाने करायचं काय?

मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस अर्धवेळ शिकवते. नागरिकशास्त्राच्या तासाला विरोधी पक्षनेत्याचा विषय निघाला की एखादं तरी पोर विचारतंच, “बाई, हरलेल्यांना सरकार पगार कशाला देतं?” प्रश्न बरोबर आहे. आपल्या राज्यात विरोधी पक्षनेत्याला वेतन आणि सोयी मिळतात त्या १९७८ च्या कायद्याने. मंत्र्याच्या बरोबरीचा मान, गाडी, कार्यालय, माणसं. कशासाठी? तर खर्च करणारा एक आणि हिशेब विचारणारा दुसरा असावा म्हणून. घरखर्चाची वही ज्याच्या हातात, तोच ती तपासणार असेल तर महिनाअखेर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण पोरांना कायदा सांगून भागत नाही, माणूस सांगावा लागतो. मी मृणाल गोरे सांगते. या मैत्रिणीलाही तेच सांगणार आहे. तिची आणि मृणालताईंची सुरुवात एकाच गोष्टीपासून झाली आहे, पाण्यापासून.

मृणालताई १९२८ साली जन्मल्या. माहेरच्या मोहिले. डॉक्टर व्हायला निघालेल्या, पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात ओढल्या गेल्या आणि वैद्यकीचं शिक्षण मध्येच सोडलं. (आज एखाद्या मुलीने असं केलं तर घरात काय होईल, याची कल्पना करून बघा!) १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं. लग्न आंतरजातीय. संसार गोरेगावला, आणि संसाराला लागूनच चळवळ. १९५८ मध्ये केशवराव गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. अशा वेळी आपल्याकडे बाईला काय सल्ले मिळतात ते ठाऊकच आहे. त्या कामातच राहिल्या, आणि १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या.

त्या काळचं गोरेगाव म्हणजे आजचं नव्हे. माझ्या आतेसासूबाई तिथे चाळीत राहत. रात्री दोनला उठून नळाखाली रांग लावायची, हंडे मोजून ठेवायचे, कुणाची घागर पुढे सरकली तर भांडण, हे सगळं त्या अजूनही काल घडल्यासारखं सांगतात. वस्ती वाढत होती, पाणी वाढत नव्हतं. मृणालताईंनी काय केलं? त्याच बायकांना बरोबर घेतलं. रिकामे हंडे-घागरी घेऊन बायकांचे मोर्चे निघाले. सभागृहात प्रश्न आणि रस्त्यावर हंडे, दोन्ही एकदम. लोकांनी नाव ठेवलं ‘पाणीवाली बाई’. मैत्रिणींनो, त्यांचा पक्ष काही पालिका चालवत नव्हता. तरी हे नाव सत्तेत बसलेल्या कुणाला मिळालं नाही.

१९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. दुष्काळाचं ते वर्ष. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळं एक तर मिळेना, नाही तर परवडेना. मुंबईतल्या वेगवेगळ्या पक्षांच्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या, शिवाय प्रमिलाताई दंडवते, कमलताई देसाई. यांच्या पुरुषमंडळींचे पक्ष एकमेकांशी भांडत असताना या बायका मात्र एका व्यासपीठावर आल्या, कारण डाळीचा भाव सगळ्यांना सारखाच होता. लाटणं हातात घेऊन मोर्चा काढायची कल्पना तिथलीच. थाळ्या वाजवणंही तिथलंच. लाटणं हे आपलं रोजचं हत्यार. ते रस्त्यावर आल्यावर मंत्र्यांनाही दखल घ्यावी लागली. मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की कधी मोर्चाला न गेलेली बाई त्या मोर्चाला गेली. हातात झेंडा घ्यायला ती बिचकली असती. लाटण्याला कशी बिचकेल?

पुढे १९७५ ची आणीबाणी. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांना ठेवलं त्या कोठडीच्या शेजारी एक कुष्ठरोगी स्त्री आणि एक मनोरुग्ण स्त्री होती, जिच्या ओरडण्याने रात्र रात्र झोप लागत नसे. शिक्षा राजकीय बाईला, आणि हाल त्या दोघींचेही. मृणालताईंनी त्यांच्या दुखण्याबद्दलही आवाज उठवला. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, इंदिरा गांधी हरल्या, आणि ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ हे वाक्य घरोघरी झालं. मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात आरोग्य खातं देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. यावर माझं आणि आमच्या यजमानांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, मिळालेली सत्ता नाकारणं हा भाबडेपणा. मला तो पूर्ण भाबडेपणा वाटत नाही, पण हेही खरं, की आरोग्य खात्यात तशी बाई असती तर बायकांच्या दवाखान्यांचं थोडं तरी बरं झालं असतं.

आता विधानसभेतल्या त्या पदाकडे येऊ. १९८५ च्या निवडणुकीत २८८ पैकी १६१ जागा काँग्रेसच्या. विरोधात सगळ्यांत मोठा पक्ष शरद पवारांचा काँग्रेस समाजवादी, ५४ जागांचा. मृणालताईंच्या जनता पक्षाचे फक्त २०. विरोधी पक्षनेते अर्थात पवार. १९८६ अखेर ते काँग्रेसमध्ये परतले आणि पद रिकामं झालं. मग मालेगावचे निहाल अहमद, शेतकरी कामगार पक्षाचे दत्ता पाटील असं ते विरोधकांमध्ये फिरत राहिलं आणि डिसेंबर १९८८ मध्ये मृणालताईंकडे आलं. गंमत बघा, तेव्हा समोर मुख्यमंत्री होते शरद पवारच! कालचा विरोधी पक्षनेता आज उत्तरं देणार, आणि प्रश्न विचारणार पाणीवाली बाई. त्या आधी १९७९ च्या सुमारास प्रभा राव आणि प्रतिभाताई पाटील यांनीही हे पद सांभाळलं होतं, तेव्हा बाई म्हणून त्या पहिल्या नव्हेत. मृणालताईंच्या वाट्याला ते साधारण वर्षभरच आलं.

पण त्यांचं जे काम मला सगळ्यांत मोठं वाटतं, ते त्या पदाच्या आधीचं आहे. ऐंशीच्या दशकात गर्भजल परीक्षा करून मुलगी असेल तर गर्भ काढून टाकायचा, हा धंदा मुंबईत उघड चालू झाला होता. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि विधानसभेत मृणालताईंनी त्याविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. अशासकीय म्हणजे सरकारने न आणलेलं, एका साध्या सदस्याने मांडलेलं. अशी विधेयकं बहुतेक मंजूर होत नाहीत. पण त्याने सरकारला बोलावं लागतं. १९८८ मध्ये राज्य सरकारने स्वतःचा कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा आला तो १९९४ मध्ये. तेव्हा विरोधातल्या वीस जणांच्या पक्षातल्या एका बाईने लावलेला धक्का देशाच्या कायद्यापर्यंत पोचला, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

सगळंच जमलं असं मात्र नाही. कायदा असूनही मुली कमी होत गेल्या, जनगणनेने ते दाखवलंच. ज्या पक्षात त्या होत्या तो फुटत, मिसळत, नावं बदलत राहिला. त्यांनी मात्र गोरेगाव सोडलं नाही. केशव गोरे स्मारक ट्रस्ट, अडचणीतल्या बायकांसाठी ‘स्वाधार’, आणि बाबूराव सामंतांबरोबर नागरी निवारा परिषद. कमाल धारणा कायद्याखाली अतिरिक्त ठरलेली जमीन बिल्डरऐवजी सामान्यांच्या घरांना मिळावी म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं भांडली, आणि दिंडोशीला हजारो कुटुंबांना परवडणारी घरं मिळाली. १७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे.

२०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी बाजूच्या एकाही पक्षाकडे २९ जागा नव्हत्या, त्यामुळे ही खुर्ची कुणाला द्यायची हाच वाद होऊन बसला. एकदशांश जागा हव्यात हा संकेत आहे, असं सांगितलं गेलं. १९८८ मध्ये वीस जणांच्या पक्षातली बाई तिथे बसली होती, हे त्या चर्चेत कुणी फारसं आठवलं नाही.

तर पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणी, तुझे तिघे म्हणजे काही कमी नाहीत. तोंडी बोलणं आजपासून बंद कर. ‘घेतलंय लिहून’ म्हणतात ना, मग लेखी पत्र दे, आवक शिक्का मारून पोच घे आणि पोच एका फायलीत लाव. सभेत बोललीस की ते इतिवृत्तात आलं का, हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी वाचून बघ. नसेल तर तिथेच हरकत घे. टाकी किती लिटरची, भरते किती वाजता, कोणत्या वॉर्डाला किती वेळ सुटतं, हे माहिती अधिकारात मागव. दहा रुपयांचा अर्ज आहे. तुझ्या वॉर्डातल्या दोन-तीन घरांत कॅलेंडरवर पाणी आलेल्या दिवशी खूण करायला सांग, किती वाजता आलं तेही. दुधाचा हिशेब आपण तसाच ठेवतो.

आणि निवेदन द्यायला एकटी जाऊ नकोस. पाणी भरणाऱ्या बायका बरोबर ने. सासूबाईंनाही ने, घरात पहाटे उठून पाणी त्याच भरत असतील, असा माझा अंदाज आहे. मुख्याधिकाऱ्यांसमोर त्यांनाच दोन वाक्यं बोलायला सांग. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात काय लिहिलं गेलं ते मला जरूर कळव, त्याची प्रत मिळाली तर तीही पाठव. माझ्या नववीच्या वर्गाला दाखवायची आहे.